ज्यांचे पोट हातावर, त्यांचे हात

कर्जतहून कोंडिवडे गाठावे आणि तेथून पुढे रानवाटेने चालत जावे, की राजमाची किल्ल्याच्या खाली उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची लेणी लागतात. (सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा, त्याचा या लेण्यांशी संबंध नाही.) इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेले हे बौद्ध लेणे. येथील चैत्यगृह सुमारे २० मीटर लांब आहे. त्याच्या दर्शनी भागात डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचे भग्न मस्तक उरले आहे आणि त्याच्या शेजारी ब्राह्मी अक्षरांत एक छोटी ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले.

प्राचीन लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे पुष्कळ सापडतात. कोणी व्यापारी, कोणी भिक्षुणी, कोणी राजघराण्यातील स्त्री. काम करणाऱ्या कारागिराचे नाव मात्र क्वचितच दिसते. म्हणून बलकाचा हा लेख महत्त्वाचा. त्यातून आणखीही एक गोष्ट कळते. बलक स्वतःला कण्हाचा शिष्य म्हणवतो. म्हणजे हे काम कोणाच्या तरी हाताखाली शिकावे लागत असे.

काय शिकावे लागत असेल? बेसाल्टसारखा कठीण दगड छिन्नी-हातोड्याने फोडायचा, तर एका हातात छिन्नी आणि दुसऱ्या हातात तिच्यावर पडणारा घाव. घाव चुकला की तो पहिल्या हातावर. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून चेपते, त्याच्या कडा छत्रीसारख्या फुलतात, आणि पुढच्या एखाद्या घावाला त्यातला कपचा उडून हातात घुसतो. म्हणून आजही कोणत्याही वर्कशॉपमध्ये पहिला नियम सांगतात, की डोके फुललेली छिन्नी वापरू नका, घासून सरळ करा. हत्यार हातात असते तेव्हा त्याचा वेग आणि जोर कारागिराच्याच ताब्यात असतो. तेथे कसब हे बऱ्याच अंशी संरक्षण असते. पुढे हत्याराची जागा यंत्राने घेतली आणि हे गणित बदलले. ते कसे बदलले आणि समाजाला ते उमजायला किती वर्षे लागली, याचा इतिहास कर्जत-खालापूरच्या परिसराच्या आधाराने आपण पाहू.

घाटातले सुरुंग

कोंडाण्याच्या कारागिरांनंतर सुमारे १९०० वर्षांनी याच खोऱ्याच्या दुसऱ्या अंगाने पुन्हा डोंगर फोडला जाऊ लागला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भोर घाटाच्या कामाला १८५६ मध्ये प्रारंभ झाला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी हा मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरांत २५ बोगदे आणि १,८३१ फुटांची चढण. १८६१ च्या आरंभी या कामावर ४२ हजारांहून अधिक मजूर होते. कॉलरा, ताप आणि अपघात यांनी हजारो माणसे दगावली. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव आपल्याला माहीत आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच आजारी पडून वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवले, हेही इतिहासात नोंदलेले आहे. मजुरांमध्ये बलकाप्रमाणे नाव कोरून ठेवणारा कोणी नव्हता.

त्या काळी सुरुंगासाठी भोक पाडण्याची रीत अशी : एकाने पोलादी पहार दगडावर उभी धरायची, इतरांनी घणाचे घाव घालायचे आणि प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. मग भोकात काळी दारू भरून ती ठासायची आणि वात पेटवायची. पहार धरणाऱ्याचे हात दुसऱ्यांच्या घणाखाली आणि दारू ठासणाऱ्याचे हात थेट सुरुंगाच्या तोंडाशी. लोखंडी कांबीने ठासताना ठिणगी उडाली, तर सुरुंग हातातच उडे.

येथे जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण उपयोगी पडेल. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात कथलाच्या आणि तांब्याच्या खाणी होत्या. तेथे गवताच्या पोकळ काडीत दारू भरून वात करीत. ती कधी झर्रकन जळे, कधी विझल्यासारखी वाटे आणि माणूस जवळ गेला की स्फोट होई. हात आणि डोळे गमावलेले खाणकामगार तेथे नेहमीचेच झाले होते. १८३१ मध्ये विल्यम बिकफर्ड या कातड्याच्या व्यापाऱ्याने दारूच्या बारीक धारेभोवती तागाचे सूत पिळून, वरून डांबर लावून एक वात तयार केली. ती ठरावीक गतीने जळे, फुटाला साधारण अर्धा मिनिट. वातीची लांबी मोजली की पळायला किती वेळ मिळेल ते कळे. बिकफर्डने खाणकामगारांना अधिक सावधपणा शिकवला नाही, त्याने वात बदलली. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

गिरणीतले 'हँड्स'

घाटाचे काम सुरू झाले त्याच १८५६ साली मुंबईत कावसजी दावर यांची ताडदेवची कापडगिरणी चालू झाली. पुढच्या २५ वर्षांत मुंबईत गिरण्यांची रांग उभी राहिली. बाष्प-इंजिनाने फिरणारा एक लांब लोखंडी दांडा खात्याच्या छताखालून जाई आणि त्यावरच्या चाकांवरून चामड्याचे पट्टे प्रत्येक साच्यापर्यंत उतरत. पट्टा निसटला तर तो फिरत्या चाकावर पुन्हा चढवायचा, दातेरी चाकांत अडकलेला कापूस काढायचा, साचा चालू असतानाच पुसायचा. साचा थांबला तर उत्पादन बुडे, जॉबर ओरडे आणि मजुरी कापली जाई. हात जाण्याची वेळ येई ती अशा कामात. लहान मुले अंगाने बारीक, म्हणून साच्याखाली शिरून साफसफाई करायला त्यांनाच पाठवत.

इंग्लंडमध्ये हे सारे आधी घडून गेले होते. १८४४ च्या ब्रिटिश कारखाने कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांभोवती कठडे घालणे सक्तीचे झाले आणि मुलांनी चालू यंत्र साफ करण्यावर बंदी आली. गिरणीमालकांनी याला जोरदार विरोध केला. १८५५ मध्ये त्यांनी त्यासाठी स्वतंत्र संघटनाच काढली. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकातून या मालकांवर टीकेची झोड उठवली. मालकांचे म्हणणे एकच : अपघात होतात ते कामगारांच्या निष्काळजीपणामुळे.

मुंबई सरकारने १८७५ मध्ये गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. त्यातील बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मात्र कायद्याचा पाठपुरावा केला. अखेर १८८१ चा पहिला कारखाने कायदा आला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही आणि धोकादायक यंत्रांना कठडा घालायचा, एवढ्याच त्याच्या तरतुदी. तोही शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरता. वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे कारखाने त्यातून सुटले. खानदेशातील सरकी काढण्याच्या हंगामी जिनिंग कारखान्यांना याचा फायदा झाला, आणि तेथे बाया रात्रंदिवस राबत. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा मत्सर आहे, असे येथील अनेक वृत्तपत्रांचे मत होते, आणि त्यात तथ्यही होते. पण यंत्रात सापडलेल्या हाताला कायदा कोणाच्या स्वार्थातून आला, याने काय फरक पडणार?

या चर्चेत खुद्द कामगारांचा आवाज आणला तो नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक आणि काही काळ स्वतः गिरणीत स्टोअरकीपर. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. मागण्या पाच होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, या चार आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. पाचवी मागणी फारशी सांगितली जात नाही. ती अशी, की कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाला, तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

लोखंड्यांच्या संघटनेचे नाव 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'. इंग्रजीत कामगारांची मोजदाद 'हँड्स' म्हणून होई, जणू गिरणीला माणसे नकोत, नुसते हात हवेत. आपल्या भाषेत याच माणसाला आपण 'हातावर पोट असलेला' म्हणतो. हात गेला की पोटाचे काय होणार, हा प्रश्न त्या शब्दांतच आहे. लोखंड्यांची पाचवी मागणी म्हणजे हाच प्रश्न.

बोटांचा हिशेब

त्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षे गेली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेल्यास कमाईची ताकद किती टक्के घटली असे धरावे, याचा तक्ता होता. पुढे तो अधिक तपशीलवार केला गेला. त्यात पूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, आणि अनामिका किंवा करंगळी ७ टक्के.

हा तक्ता वर्गात वाचण्यासारखा आहे. अंगठ्याला तर्जनीच्या दुपटीहून अधिक किंमत का? कारण अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो म्हणूनच पकड होते. अंगठ्यावाचून हातोडा धरता येत नाही की पेन. आता बेरीज करून पाहू. चार बोटांचे वेगवेगळे टक्के मिळवले तर १४ + १२ + ७ + ७ = ४०. पण एका हाताची चारही बोटे गेली तर तक्ता ५० टक्के सांगतो. हात म्हणजे सुट्या बोटांची बेरीज नव्हे, हे कायदा करणाऱ्यांनाही जाणवले होते.

मात्र भरपाई ही बोट गेल्यानंतरची गोष्ट. बोट जाऊच नये यासाठी यंत्राच्या रचनेत हात घालावा लागतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने ते बरेच स्पष्ट केले. फिरत्या भागांभोवतीचे आच्छादन भक्कम हवे आणि यंत्र चालू असेतो जागेवरून हलता कामा नये. यंत्र चालू असताना त्याची तपासणी करणारा माणूस प्रशिक्षित आणि घट्ट कपड्यातला हवा. स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांनी चालू यंत्र पुसू नये. फिरत्या दांड्यावरच्या स्क्रूचे डोके वर राहू नये, कारण त्यात बाही अडकते. २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने कामगारविषयक अनेक कायदे चार संहितांत एकत्र केले आणि सुरक्षिततेची तत्त्वे त्यांपैकी एका संहितेत आली.

खोपोलीच्या विजेने काय केले

आता पुन्हा घाटाखाली येऊ. लोणावळ्याच्या बाजूला धरणे बांधून ते पाणी नळांतून खाली खोपोलीला आणायचे आणि त्यावर वीज करून ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, ही टाटांची योजना. खोपोलीचे केंद्र फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झाले. या घटनेकडे आपण सहसा धूर कमी झाला, कोळसा वाचला या अंगाने पाहतो. हातांच्या दृष्टीनेही तिला महत्त्व आहे. बाष्प-इंजिन हलवून प्रत्येक साच्याजवळ नेता येत नव्हते, म्हणून तो लांब दांडा आणि ते पट्टे. विजेची मोटर मात्र लहान करता येते. सुरुवातीला एका मोटरवर अनेक साचे चालत, पण हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली. छताखालचा दांडा गेला, पट्टे गेले, आणि यंत्र बंद करण्याचे बटण कामगाराच्या हाताशी आले. उपदेशाने निसटत्या पट्ट्यांचा धोका हटला नव्हता. पट्टेच गेले तेव्हा तो गेला.

विजेने नवे धोकेही आणले. पत्रा कापणारी, दाबणारी, वळवणारी यंत्रे छोट्या छोट्या शेडमध्ये बसू लागली. खोपोलीत पोलाद आणि नळ्यांचे कारखाने आले, पाताळगंगेच्या खोऱ्यात औद्योगिक वसाहत झाली आणि शाळा संपवून मुले या कामांकडे वळू लागली.

'सांभाळून' म्हणजे किती?

१९३१ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट हाइनरिक या विमा कंपनीतील अधिकाऱ्याने औद्योगिक अपघातांवर एक पुस्तक लिहिले. १०० पैकी ८८ अपघात कामगारांच्या असुरक्षित वागण्याने होतात, असा त्याचा निष्कर्ष जगभर गाजला. त्याची माहिती होती मालकांच्या अहवालांतून आणि विम्याच्या दाव्यांतून घेतलेली. म्हणजे दोष कोणाचा, हे ठरवले होते एका बाजूनेच. तरी कारखान्यांच्या भिंतींवर 'सावध रहा' अशा पाट्या लागल्या आणि पुष्कळ ठिकाणी सुरक्षितता तेवढ्यावरच थांबली.

सावधपणाला मर्यादा आहे, हे वर्गात सिद्ध करता येते. एका विद्यार्थ्याने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेजवळ अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवावी. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने ती पकडावी. बहुतेकांची पट्टी २० सेंटिमीटरच्या आसपास पकडली जाते. पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रावरून (अंतर = ½ × ९.८ × वेळेचा वर्ग) यासाठी लागलेला वेळ येतो सुमारे ०.२ सेकंद. लक्ष पूर्ण एकाग्र असताना, एवढ्या एकाच कामाची वाट पाहत असताना, डोळ्याने पाहून बोटे हलायला लागलेला हा वेळ आहे.

आता उसाच्या रसाचा चरक डोळ्यांसमोर आणू. त्याच्या लाटेचा व्यास २० सेंटिमीटर आणि ती सेकंदाला एक फेरा घेते, असे समजू. परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर, म्हणजे पृष्ठभाग सेकंदाला ६३ सेंटिमीटर सरकतो. ०.२ सेकंदात तो सरकेल साडेबारा सेंटिमीटरहून थोडा अधिक. प्रौढ माणसाचे मधले बोट असते साधारण आठ सेंटिमीटरचे. म्हणजे बोटाचे टोक दोन लाटांमध्ये सापडले, की 'हात मागे घे' हा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचायच्या आत पूर्ण बोट आत गेलेले असते. हे ज्याच्या बाबतीत घडले त्याला निष्काळजी म्हणणे म्हणजे मज्जासंस्थेच्या वेगाबद्दल माणसाला दोष देणे होय.

कारखान्यातील पॉवर प्रेसची अडचण आणखी वेगळी. जुन्या पद्धतीच्या क्लचवर चालणाऱ्या प्रेसमध्ये पायाने पेडल दाबले, की ठोकळा पूर्ण खाली जाऊन वर येईपर्यंत थांबवताच येत नाही. कामगार तासाला शेकडो वेळा पत्रा आत सरकवतो आणि पेडल दाबतो. हात आणि पाय यांची लय एकदा चुकली की पुरे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील जखमी कामगारांची माहिती 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाच्या अहवालांतून प्रसिद्ध करते. त्यात बोटे तुटण्याच्या घटनांत मोठा वाटा या प्रेसचाच दिसतो.

यावर उपाय आहेत. पत्रा जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवणारे पक्के आच्छादन हा सर्वांत साधा. दुसरा म्हणजे दोन बटणे : दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणे दाबली तरच ठोकळा उतरेल. मग हात साच्यात असणारच कसे? पण उत्पादनाच्या नगावर मजुरी मिळत असेल, तर वेळ वाचवण्यासाठी एक बटण कायमचे दाबून बांधून ठेवले जाते. येथेही कामगाराला शिव्या देऊन भागत नाही. म्हणून अशा नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात पुढची अट आली : दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सुटली पाहिजेत. बांधलेल्या बटणावर असे यंत्र चालतच नाही. बटणे साच्यापासून किती दूर हवीत, याचेही गणित आहे. हात सेकंदाला १.६ मीटर धावतो असे धरतात. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर पुढे जाईल. बटणे त्याहून दूर हवीत.

शेतातल्या यंत्रांनाही हेच लागू पडते. मळणी यंत्रांत हात जाण्याचे प्रकार वाढले तेव्हा संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. तेथील मुख्य उपायही रचनेचाच आहे : पेंढी आत सारण्याची नळी वरून झाकलेली आणि एवढी लांब ठेवायची, की हात आतल्या दात्यांपर्यंत पोहोचूच नये.

उपायांची उतरंड

आजचे सुरक्षाशास्त्र उपायांची एक उतरंड मानते. सर्वांत चांगले म्हणजे धोकाच काढून टाकणे. ते जमत नसेल तर कमी धोक्याची पद्धत वापरणे. मग यंत्राला आच्छादन. त्यानंतर प्रशिक्षण, नियम आणि पाट्या. हातमोजे सर्वांत शेवटी. हातमोज्यांचा क्रम शेवटी का, हे एका उदाहरणाने कळेल. गरम किंवा धारदार वस्तू उचलताना हातमोजे बोटे वाचवतात. तेच हातमोजे घालून ड्रिल मशीन किंवा लेथवर काम केले, तर फिरता भाग कापडाचे टोक पकडतो आणि हात ओढून घेतो. अंगठी, कडे, सैल बाही यांचेही तसेच.

कामाच्या जागी उतरंडीची वरची पायरी महाग आणि खालची स्वस्त असते. हातमोज्यांची जोडी आणि एक पाटी आणली की जबाबदारी संपली, असे वाटणे सोपे आहे. १८५५ च्या गिरणीमालकांचा युक्तिवाद अजून संपलेला नाही, तो याच कारणाने.

४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली आणि १९७२ पासून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. शाळेत त्या दिवशी शपथ आणि घोषवाक्ये होतात. त्यांच्या जोडीला आम्ही एक काम सुचवू. विद्यार्थ्यांना गावातील पाच यंत्रे दूरून पाहायला सांगावीत : पिठाची गिरणी, उसाचा चरक, कडबा कापण्याचे यंत्र, वेल्डिंगच्या दुकानातील ग्राइंडर, शिलाई यंत्र. प्रत्येकाबद्दल चार प्रश्न. बोट कोठे सापडू शकेल? तेथे आच्छादन आहे का? असल्यास ते कोणी काढून ठेवले आहे का, आणि का काढले? बंद करण्याचे बटण काम करणाऱ्याच्या हाताशी आहे का? चालू यंत्राला हात लावायचा नाही, हे शिक्षकांनी आधी बजावावे. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे सर्वांत बोलकी येतील. 'आच्छादनामुळे काम हळू होते', 'अडकलेला माल काढता येत नाही' अशी कारणे मुले लिहून आणतील. मग त्यांना विचारावे, की काम हळू होणार नाही आणि माल काढण्यासाठी यंत्र आधी बंद करावेच लागेल, असे आच्छादन कसे करता येईल? त्याचे चित्र वहीत काढायला सांगावे.

यांतील काही मुले उद्या खोपोलीच्या कारखान्यात प्रेससमोर उभी राहतील, काही आयटीआयमधून पर्यवेक्षक होतील, एखादे स्वतःचा छोटा कारखानाही काढील. यंत्रावर आच्छादन नाही हे पाहून 'का नाही?' असे विचारण्याची सवय त्या तिघांनाही शाळेतच लागायला हवी.